वॉर्सातली युक्रेनी खानावळ: बोर्श्च, वारेनिकी आणि भरपूर शेपू

वोला भागात आमच्या घरापासून दोन ट्राम-थांब्यांवर सहा टेबलांची एक युक्रेनी खानावळ आहे. गेली दोन वर्षं मी महिन्यातून तीनदा तरी तिथं जेवते. नाव देत नाही, कारण मालकीणबाईंनीच नको म्हटलंय. त्या खार्किवच्या. नवरा सैन्यात आहे, आणि इथंही हल्ली दारावरच्या युक्रेनी पाटीवर कुणीतरी काहीबाही खरडून जातं.

आधी बोर्श्च. पोलिश बार्श्च म्हणजे गाळलेलं, लालभडक, पातळ सार. हे तसं नाही. बीट, कोबी, बटाटा, गाजर, घेवडा, सगळं एकत्र शिजून दाट झालेलं. वर स्मेताना म्हणजे आंबट सायीचा गोळा आणि त्यावर चिमूटभर नव्हे, चांगला मूठभर कच्चा शेपू. घरी शेपूची भाजी केली की ताट सरकवणारी माझी मुलगी इथं वाडगा पुसून खाते. सोबत पांपुश्की, लसूण आणि तेल चोपडलेले मऊ पाव. सगळं मिळून २६ झ्लॉटी.

जुलै २०२२ मध्ये युनेस्कोनं युक्रेनी बोर्श्चची परंपरा तातडीनं जपायच्या वारशाच्या यादीत घातली. मी कौतुकानं तसं म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "गावं उठली, रांधणाऱ्या बायका पांगल्या, म्हणून घातली." त्यानंतर मी त्या यादीचं कौतुक त्यांच्यासमोर केलं नाही.

शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, रस्सा डुकराच्या हाडांचा असतो. 'पिस्नी', म्हणजे उपवासाचं बोर्श्च आहे का ते विचारा. ते घेवडा आणि अळंब्यांचं असतं, पण रोज नसतं. बटाट्याच्या वारेनिकी, म्हणजे पाण्यात उकडलेल्या सारणाच्या करंज्या, चालतील, फक्त वरच्या कांद्यात चरबीचे कुरकुरीत तुकडे घालू नका म्हणून आधीच सांगा.

वारेनिकी हीच इथली खरी कमाई. पारी पातळ, सारण भरपूर, आणि चेरीच्या वारेनिकींना कडेनं अगदी आपल्या करंजीसारखी मुरड. तिला त्या 'कोसिच्का' म्हणतात, म्हणजे छोटी वेणी. बटाट्याच्या नुसत्या दाबून बंद केलेल्या असतात, त्यामुळे ताटात ओळखायला सोपं. एका मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मीही ओट्याशी उभी राहून एक ताट मुरडून दिलं. माझी मुरड बघून त्या "सोनेच्को" म्हणाल्या. सोनेच्को म्हणजे छोटा सूर्य. आपण लेकरांना 'सोन्या' म्हणतो, तसं.

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. हवाई हल्ल्याचा इशारा देणारं अ‍ॅप त्यांनी खार्किव भागासाठी चालू ठेवलंय. पिठाचा हात एप्रनला पुसून त्यांनी नवऱ्याला निरोप पाठवला आणि फोनकडे बघत राहिल्या. सात-आठ मिनिटांनी उत्तर आलं, नुसती अधिकची खूण: '+'. म्हणजे ठीक आहे. मग पुन्हा लाटणं हातात. तोवर वाळलेल्या पाऱ्या त्यांनी काढून टाकल्या, ओलं फडकं टाकून नवीन लाटल्या.

म्हणून इथं जेवण यायला कधी अर्धा तास लागला, तर कृपा करून कुरकुर करू नका.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पोलंडचे राष्ट्राध्यक्ष कारोल नाव्रोत्स्की यांनी युक्रेनी लोकांच्या मदतीचा कायदा नकाराधिकार वापरून अडवला. काम न करणाऱ्यांना मुलामागचे महिना ८०० झ्लॉटी मिळू नयेत, हा त्यांचा मुद्दा. तेव्हापासून गिऱ्हाइकंसुद्धा बाईंना तोंडावर विचारतात, तुम्ही किती घेता? त्या दर महिन्याला सामाजिक विम्याचे हप्ते भरतात, तीन बायकांचा पगार देतात, पहाटे पाचला कणीक भिजवतात. जेवायला आलेल्यानं हा प्रश्न विचारावा, याचा मला फार राग येतो. त्या मात्र शांतपणे बिल पुढे ठेवतात.

गल्ल्याशेजारी एक क्यूआर कोड चिकटवलाय, त्याला त्या 'बांका' म्हणजे बरणी म्हणतात. सध्या त्यात जनरेटरसाठी पैसे जमताहेत. त्यांच्या आईच्या इमारतीत वीज वेळापत्रकानं येते-जाते. नाशकातलं भारनियमन आठवून मी समजू शकते, पण आमच्या डोक्यावर तेव्हा ड्रोन नव्हते.

उणीव म्हणाल तर दोन. मेन्यू फक्त युक्रेनी आणि पोलिश भाषेत आहे, आणि बोर्श्च तीनपर्यंत संपतं. रविवारी एकच्या आत पोहोचा. सोमवारी बंद.

नाताळच्या आदल्या संध्याकाळची कुत्या नक्की मागवा: अख्खे गहू, वाटलेली खसखस, मध, अक्रोड. आपली गव्हाची खीर आवडणाऱ्याला ही आवडणारच. युक्रेननं २०२३ पासून नाताळ २५ डिसेंबरला आणलाय, त्यामुळे कुत्या २४ तारखेला मिळते. मागणी २० पर्यंत सांगावी लागते. डबा आपला न्या आणि त्यावर नाव लिहा. देवनागरीत लिहिलं तरी चालतं, माझा डबा त्या अक्षरांवरूनच ओळखतात.