जोहोरमधलं कोलोकेशन: इमारत उत्तम, नकाशा मागून घ्या

सिंगापूरमध्ये रॅक (सर्व्हर ठेवायचं कपाट) मिळत नाही आणि मिळालाच तर परवडत नाही, अशा कंपन्यांना हल्ली पुलापलीकडचं मलेशियातलं जोहोर राज्य सुचवलं जातं. कारण उघड आहे. सिंगापूरने २०१९ पासून नव्या डेटा सेंटरना परवानगी देणं थांबवलं, २०२२ मध्ये बंदी उठवली आणि २०२३ मध्ये चार अर्जदारांना मिळून जेमतेम ८० मेगावॅट दिले. जोहोरात कुलाईजवळच्या सेदेनाक टेक पार्कमध्ये एकाच कॅम्पसचा आराखडा १५० मेगावॅटचा आहे. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. जोहोरात कोलोकेशन, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये आपल्या सर्व्हरसाठी भाड्याची जागा, घेणाऱ्याच्या पदरात नक्की काय पडतं, त्याचं आहे.

मत आधीच सांगतो. जागा आणि वीज: पाचपैकी साडेचार. नेटवर्क: साडेतीन, तेही योग्य प्रश्न विचारले तर.

फायबरमध्ये १०० किलोमीटरला जाऊन-येऊन साधारण १ मिलिसेकंद लागतो. सेदेनाक ते सिंगापूरचं ताई सेंग हे अंतर केबलच्या वाटेने शंभराच्या आसपास धरलं, तरी उपकरणांसकट दोन मिलिसेकंदांत काम होतं. म्हणजे डेटाबेसची एक प्रत सिंगापुरात आणि दुसरी जोहोरात ठेवून सिंक्रोनस रेप्लिकेशन (प्रत्येक नोंद दोन्हीकडे एकाच वेळी पक्की करणं) चालवता येतं. मुंबई ते सिंगापूर हाच आकडा साठच्या घरात जातो, तिथे असिंक्रोनसशिवाय, म्हणजे दुसरी प्रत थोडी मागे ठेवण्याशिवाय, गत्यंतर नाही. ऐरोली-महापेत रॅक असताना तिकडे कशाला, याचं हे उत्तर. गिऱ्हाईक सिंगापूरचं नसेल, तर मात्र खरोखरच ऐरोली बरी.

ग्यानबाची मेख पुलात आहे. जोहोर आणि सिंगापूर यांच्यात रस्ते दोनच: वूडलँड्सचा कॉजवे आणि १९९८ साली सुरू झालेला तुआसचा सेकंड लिंक. दोन कंपन्यांच्या लिंक घेतल्या म्हणजे दोन वाटा मिळाल्या, असं धरून चालू नका. दुसरी कंपनी पहिलीचंच डार्क फायबर (टाकलेली पण वापरात नसलेली केबल) भाड्याने घेऊन विकत असेल, तर एका खोदकामात दोन्ही लिंक जातात. सही करण्याआधी दोन्ही लिंकच्या केएमझेड फाइल, म्हणजे केबलच्या वाटेचे नकाशे, मागा, गूगल अर्थवर एकावर एक टाका आणि तीन जागा मोठ्या करून पाहा: इमारतीबाहेरचं पहिलं मॅनहोल, पूल, आणि सिंगापूरकडचा शेवटचा एक किलोमीटर. वाट बदलायची झाल्यास आधी लेखी कळवण्याचं कलमही करारात घाला. आज वेगळ्या असलेल्या वाटा वर्षभरात एकाच डक्टमध्ये (केबलच्या जमिनीखालच्या नळीत) येऊ शकतात, आणि ते पहिल्या बिघाडापर्यंत कळत नाही.

आता कूलिंग. इथे वर्षभर दमट उन्हाळा, त्यामुळे बाहेरच्या थंड हवेवर चिलर (कूलिंगचं पाणी गार करणारं यंत्र) बंद ठेवण्याची सोय नाही. शिवाय वीज कोसळण्याचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक पट्ट्यांत मोडतं. व्होल्टेज क्षणभर खाली गेलं तरी चिलर ट्रिप होतो आणि पुन्हा पूर्ण क्षमतेला यायला काही मिनिटं घेतो. यूपीएसवर सर्व्हर मात्र तापतच राहतात. पाच किलोवॅटच्या रॅकला ही मिनिटं निभावून नेता येतात, चाळीस किलोवॅटच्या रॅकला नाही. म्हणून थेट विचारा: थंड पाण्याची बफर टाकी किती मिनिटांची आहे? सीआरएएच युनिटचे (थंड पाण्यावर हॉलमधली हवा गार करणाऱ्या यंत्रांचे) पंखे आणि थंड पाण्याचे पंप यूपीएसवर आहेत का? टाकी आहे पण पंप जनरेटरवर, अशी रचना असेल तर जनरेटर भार घेईपर्यंत ती टाकी नुसती शोभेची.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. कूलिंग टॉवरमध्ये एक किलोवॅट-तास उष्णता घालवायला साधारण दीड लिटर पाणी वाफ होतं. एक मेगावॅटला दिवसाला ३६,००० लिटर. क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी धरलं, तर ४८,००० च्या आसपास. जोहोर नदीचं पाणी १९६२ च्या करारानुसार २०६१ पर्यंत सिंगापूरलाही जातं, त्यामुळे पाण्याचा विषय इथे नाजूक आहे आणि पिण्याच्या पाण्यावर टॉवर चालवणाऱ्यांवर दबाव वाढणारच. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणारी इमारत आम्ही नक्कीच पसंत करू. फक्त त्यातल्या अमोनियाने तांब्याच्या नळ्या झिजतात आणि फॉस्फेटमुळे खरपुडी धरते. पाण्याच्या तपासणीचे मागच्या बारा महिन्यांचे अहवाल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सुमात्रातल्या आगींचा धूर २०१५ आणि २०१९ सारख्या वर्षी इथवर येतो. तेव्हा हवा शोषून धूर हुंगणारे डिटेक्टर खोटे इशारे देतात. ताज्या हवेचे डँपर (हवा आत घेणाऱ्या झडपा) कोण, कधी बंद करतो, हे लेखी असलेली इमारत नीट चालवलेली समजा.

विजेचा दर सिंगापूरपेक्षा स्वस्त, यात शंका नाही. पण जुलै २०२५ पासून द्वीपकल्पीय मलेशियात नवी दररचना आली आणि इंधनाचा फरक आता दर महिन्याला बिलात येतो. करारात वीज 'आहे त्या दराने' असेल तर बजेट बारा महिन्यांच्या सरासरीवर बांधा. रॅकला ए आणि बी असे दोन फीड मिळतात, २३० व्होल्ट ३२ अँपिअरचा एक फीड म्हणजे सुमारे ७.४ किलोवॅट. दोन्हींवर साठ-साठ टक्के भार टाकणं ही नेहमीची चूक. एक गेला की दुसऱ्यावर १२० टक्के येतात आणि रॅक अंधारात जातो. प्रत्येकी ४० टक्क्यांवर थांबा.

दोन-चार रॅक हवे असणाऱ्याला जोहोर अजून फारसं विचारत नाही. बाजार घाऊक आहे, आख्खा हॉल घेणाऱ्यांचा. दोन-चार रॅकवाल्यांनी थेट इमारतवाल्याकडे न जाता, तिथे आधीच पिंजरा (हॉलमधली जाळीबंद जागा) घेतलेल्या सेवादाराकडून रॅक घ्यावा. मात्र क्रॉस-कनेक्टचं (इमारतीतल्या इमारतीत दुसऱ्या कंपनीशी जोडणाऱ्या केबलचं) मासिक भाडं आणि रिमोट हँड्सचा (आपल्या वतीने तिथल्या तंत्रज्ञाने हात लावण्याचा) दर, किमान किती मिनिटांचा लावतात त्यासकट, आधीच लिहून घ्यावा. भारतातून राउटर-स्विच पाठवणार असाल तर मलेशियाचं सिरिम प्रमाणपत्र (दूरसंचार उपकरणांची तिथली मान्यता) असलेलंच मॉडेल निवडा. एकच मॉडेल, वेगळा वायरलेस मोड्यूल, एवढ्यावरही माल कस्टममध्ये अडकू शकतो, आणि रॅकचं भाडं तर ताबा मिळाल्या दिवसापासून सुरू असतं.