शिक्षणाच्या मदतीचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

भाच्याला आठवीत असताना ब्लड कॅन्सर निघाला, एएलएल. परळला टाटात अडीच वर्षं ट्रीटमेंट, ताई-दाजी दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत. महात्मा फुले योजनेतून उपचाराचं बरंच भागलं, पण पोरगं बरं होऊन परभणीला आलं तेव्हा सोबतची पोरं अकरावीला होती आणि याची आठवीसुद्धा धड झालेली नव्हती. ओपीडीत सोशल वर्करने एका ट्रस्टचा नंबर दिला, त्यांचाच हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम टाकत नाहीये, पुढे तक्रारपण आहे.

आधी चांगलं. तिथल्या मॅडमनी घरी बसून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला, दहावी प्रायव्हेट. आम्ही आपले परत आठवीत बसवायच्या विचारात होतो. गणिताला एक रिटायर्ड सर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर. व्हिनक्रिस्टीन या केमोच्या औषधाने त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या, पेन धरलं की अक्षर पार वाकडंतिकडं, तर सरांनी पहिला महिना गणित बाजूला ठेवून फक्त आकडे गिरवून घेतले, चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एक आकडा. आम्हाला वाटलं हे काय बालवाडीसारखं, पण बोर्डाच्या पेपरला पूर्ण वेळ लिहून आला पठ्ठ्या.

आता डिप्लोमा सेकंड इयरला आहे, फी ट्रस्ट भरते. आणि इथेच एक स्टार कापला. यांची मीटिंग तीन महिन्यांतून एकदा, कॉलेजची शेवटची तारीख जुलैत, पैसे आले सप्टेंबरात आणि तेही डायरेक्ट कॉलेजच्या खात्यात. मधे मी पतसंस्थेतून उचलून भरले होते, मग क्लार्क म्हणे डबल फी जमा झालीय, रिफंडचा अर्ज करा. तो रिफंड दिवाळीनंतर, व्याज माझ्या बोकांडी. मेस आणि रूमचं ते काहीच देत नाहीत, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरं म्हणजे दर वर्षी रिन्यूअलला निबंध, 'माझा कॅन्सरचा प्रवास', वर फोटो. पोरगं दुसऱ्या वर्षी वैतागलं, म्हणे मामा, मार्कशीट देतो ना, अजून किती वेळा आजारी पडू? इंटरव्ह्यूला एका साहेबांनी विचारलं, काय आजार आहे बाळा तुला? हा म्हणाला, आहे नाही सर, होता. मी टेबलाखालून पाय दाबला त्याचा, फॉर्म जातो की काय वाटलं. पण मॅडमनी तिथल्या तिथे निबंधाचं पान काढून त्याला परत दिलं, म्हणाल्या नको लिहूस. फोटो मात्र घेतलाच.

अर्ज करणाऱ्यांनी उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड आणि हॉस्पिटलच्या फाईलची झेरॉक्स मे महिन्यातच तयार ठेवा, आणि फी कोणाच्या खात्यात आणि कधी जाणार ते लेखी घ्या. टाटात ट्रीटमेंट संपून दोन वर्षं झालेल्या पोरांसाठी एसीटी क्लिनिक आहे, १९९१ पासून चालू आहे, वर्षातून एकदा चेकअपला बोलावतात. आम्ही तिथल्या बाकावर बसूनच शिक्षणाच्या मदतीची निम्मी माहिती गोळा केली, शेजारी बसलेल्या आईबापांकडून. यंदा फॉर्म भाच्याने स्वतःच भरलाय, अक्षर अजून वाकडंच आहे.