पुस्तकांवरचे सिनेमे घरच्या टीव्हीवर: दिवाळीपासून मेपर्यंतचा अनुभव

दिवाळीत स्मार्ट टीव्ही घेतला, सोबत दोन ओटीटींचं पॅकेज. तेव्हापासून आमच्या अमळनेरच्या घरात सगळ्यात जास्त काय बघितलं गेलं असेल तर पुस्तकांवरून केलेले सिनेमे आणि मालिका. मी समीक्षक नाही, रात्री जेवणं झाल्यावर बघणारा माणूस आहे. टीव्हीचं चित्र चांगलं आहे. आवाज मात्र उन्हाळ्यात पुरत नाही. कूलर सुरू झाला की संवाद ऐकूच येत नाहीत, वेगळा स्पीकर जोडावाच लागतो.

आता मुद्द्याचं. पुस्तकातलं काय घेतलं याची चर्चा सगळे करतात, पण सिनेमा तरतो किंवा बुडतो तो काय सोडलं त्यावर. ‘सिंहासन’ (१९७९) बघून हे पक्कं पटलं. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत बसवल्या. मुख्यमंत्री, बंडखोर मंत्री, कामगार पुढारी, स्मगलर, एवढी माणसं! कादंबरीत लेखक प्रत्येकाच्या मनात शिरू शकतो. दिग्दर्शक जब्बार पटेलांनी त्याऐवजी निळू फुले यांचा पत्रकार दिगू सगळीकडे फिरवला. तो फार बोलत नाही, बघत राहतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला सगळं कळतं. शेवटी त्याचं जे होतं ते बघून घरात कितीतरी वेळ कोणी बोललं नाही. पुस्तकातली कितीतरी पानं गाळली आहेत, पण एकाही पानाची उणीव भासत नाही.

‘उंबरठा’ (१९८२) पटेल-तेंडुलकर याच जोडीचा. शांता निसळांच्या ‘बेघर’वरून. स्मिता पाटील शिरपूरच्या घराण्यातली म्हणून आमच्याकडे तिचं कौतुक जास्तच, पण या सिनेमात ती आपली कोणी लागत नसती तरी हललो असतो.

‘श्यामची आई’बद्दल आमच्या गावात कोणी तटस्थ नसतं. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे. आईला पुस्तक जवळजवळ पाठ आहे. अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा आणि सुजय डहाकेंचा २०२३ चा, दोन्ही आम्ही लागोपाठ बघितले. नव्यात बालपणासोबत मोठेपणीचे गुरुजीही येतात. तिथे आई चटकन म्हणाली, “हाई पुस्तकमा नई शे!” मला मात्र ती भर आवडली. पुस्तकातही मोठा झालेला श्यामच रात्री बसून आठवणी सांगतो ना? सांगणारा दिसला तर बिघडलं काय? तरी आई म्हणून जुन्या सिनेमातल्या वनमालाबाईच. याबाबतीत घरात दोन मतं नाहीत.

डहाकेंचाच ‘शाळा’ मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा. चांगला आहे, पण त्यातल्या नायकाचं, जोशीचं, मनातलं बोलणं वाचताना जे सुख मिळतं ते पडद्यावर निम्मंच उरतं.

मालिकांमध्ये माझं मत सरळ आहे: कादंबरीपेक्षा कथा मालिकेला जास्त मानवते. ‘मालगुडी डेज’ किंवा बासू चॅटर्जींचा ‘ब्योमकेश बक्शी’ बघा. गोष्ट आहे तेवढीच सांगतात, तिला पाणी घालून वाढवत नाहीत. रोजच्या मालिकांत चांगल्या चांगल्या पुस्तकांचं जे होतं ते बघवत नाही.

तक्रारी आहेत. मराठीत नाव टाकून शोधलं की एका ॲपवर भलतंच समोर येतं. ‘जैत रे जैत’ची प्रत इतकी फिकट होती की डोंगर आणि आभाळ वेगळं कळेना. गो. नी. दांडेकरांच्या त्या गोष्टीत डोंगरच तर मोठं पात्र आहे! शिवाय यादीत ठेवलेला सिनेमा न सांगता गायब होतो.

एक इच्छा लिहून ठेवतो. नेमाड्यांच्या ‘कोसला’तलं सांगवी गाव कोणीतरी पडद्यावर आणावं. नायक पांडुरंगाच्या बोलण्यावर उभं असलेलं पुस्तक आहे, अवघड जाईल. पुण्याचा बराच भाग सोडावा, पण त्याच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचं प्रकरण अख्खं ठेवावं, आणि गावातली माणसं आपल्या बोलीत बोलावीत.

घ्यायचंच असेल तर वर्षाचं पॅकेज घेऊ नका, महिन्याचं घ्या. आधी यादी करा, पुस्तक वाचनालयातून आणा, वाचून झालं की त्या महिन्याचे पैसे भरा. आम्ही जूनपासून तसंच करणार आहोत.