कॉलेज फुटबॉल २५ रिव्ह्यू: सिनियरला खेळवू की नव्या पोराला?

आधीच क्लिअर करतो, हा फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोवाला नाही. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात तो अमेरिकन, आणि त्यातही प्रोफेशनल एनएफएल नाही, कॉलेजच्या पोरांचा. नाशकात हा गेम खेळणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके असतील, कॉलेज रोडला कुठल्याही गेमिंग कॅफेत जा, पोरं फिफा नाहीतर जीटीए लावून बसलेली. माझा मावसभाऊ सॅन होजेला असतो, तो दिवाळीला येताना ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५ ची पीएस५ डिस्क घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, नुसत्या मॅच खेळत बसू नको, डायनॅस्टी मोड लाव, तुला टीम सिलेक्शनवर भांडायला आवडतं ना." पॉइंट बरोबर होता त्याचा. अनंत कान्हेरे मैदानावर रणजी बघायला गेलो तरी माझं अर्ध लक्ष ह्याला का घेतलं आणि त्याला का बसवलं ह्यातच असतं.

थोडा इतिहास, कारण तो इंटरेस्टिंग आहे. ह्या सिरीजचा आधीचा गेम २०१३ मध्ये आला आणि मग थेट जुलै २०२४, मधे अकरा वर्षं काहीच नाही. कॉलेजच्या खेळाडूंसारखे दिसणारे, त्यांच्याच नंबरच्या जर्सीतले खेळाडू गेममध्ये घालायचे पण पोरांना एक पैसा नाही, असा प्रकार होता. यूसीएलएचा जुना बास्केटबॉल खेळाडू एड ओ'बॅनन कोर्टात गेला आणि सगळं ठप्प झालं. पुढे २०२१ ला नियम बदलले, खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमवायची परवानगी मिळाली, आणि ह्या गेममध्ये यायला जे तयार झाले त्यांना ६०० डॉलर आणि गेमची एक कॉपी मिळाली. टॉप लेव्हलच्या १३४ टीम आहेत ह्यात.

आता डायनॅस्टी. तुम्ही कोच होता, एक कॉलेज घेता आणि तीस सिझनपर्यंत चालवता. मी भावाच्या प्रेमापोटी सॅन होजे स्टेट घेतलं, फुटबॉलमध्ये छोटं कॉलेज, मोठ्या टीमसमोर आपली लायकी लगेच कळते. रोस्टर, म्हणजे टीमची यादी, ८५ जणांची. गेम आला तेव्हाच्या नियमाप्रमाणे कॉलेजात पोरगा चार सिझन खेळू शकतो, त्याशिवाय एक वर्ष बाजूला बसून नुसती प्रॅक्टिस करता येते, त्याला रेडशर्ट म्हणतात, आणि २०१८ पासून चार मॅचपर्यंत खेळवलं तरी ते वर्ष वाया जात नाही. गेममध्ये हे जसंच्या तसं आहे. म्हणजे तुमच्याकडे एकाच वेळी शाळेतून नुकताच आलेला अठरा वर्षांचा पोरगा असतो आणि पाच वर्षं कॉलेजात मुरलेला तेवीसचा बाप्या असतो, आणि जागा एकच. इथेच खरी मजा आहे आणि माझ्या मते अख्खा गेम ह्या एका स्क्रीनवर उभा आहे, डेप्थ चार्ट, म्हणजे कोणत्या जागी पहिला कोण आणि त्याच्या मागे कोण ती यादी.

डेप्थ चार्टवर प्रत्येकासमोर ओव्हरऑल नावाचा, म्हणजे एकूण किती चांगला त्याचा, एक आकडा असतो आणि नवीन माणूस तिथेच फसतो. उदाहरण देतो. माझ्याकडे सिनियर क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, टीम चालवणारा) होता, ओव्हरऑल ८०. त्याच्या मागे नवीन पोरगा, ७५. आकडा बघून कोणीही सिनियरला खेळवेल. पण आत जाऊन रेटिंग उघडा, सिनियरचा अवेअरनेस (खेळाची समज) ८८ आणि हातात जोर यथातथाच, पोराचा अवेअरनेस ६२ पण थ्रो पॉवर ९३ आणि पळायला हरणासारखा. म्हणजे सिनियरचं जे जास्तीचं आहे ते सगळं डोक्यातलं, आणि क्वार्टरबॅक तर मी स्वतः चालवतो राव, बॉल कुणाला टाकायचा ते डोकं माझं! अवेअरनेस खरा लागतो तो कॉम्प्युटर चालवतो त्या खेळाडूंना, पुढे भिडणाऱ्या लाइनमनला, बचावातल्या लाइनबॅकरला, मागच्या सेफ्टीला. मग घ्यावं की पोराला डोळे झाकून? तर नाही, कारण बनवणाऱ्यांनी तिथे एक खोच मारून ठेवलीये.

घरच्या मैदानावर पोरगा मस्त खेळतो. पण बाहेर जा, बॉयसी स्टेटच्या त्या निळ्या टर्फवर, किंवा टेक्सास ए अँड एमच्या काइल फील्डवर, जे गेमच्या स्वतःच्या यादीत सगळ्यात अवघड मैदान म्हणून एक नंबरला आहे. प्ले सुरू व्हायच्या आधी बटण दाबलं की कोणता रिसीव्हर (बॉल पकडणारा) कुठून पळणार त्याच्या रेषा दिसतात, बरोबर? गोंगाट वाढला की स्क्रीन हादरायला लागते आणि कच्चा पोरगा असेल तर त्या रेषा वेड्यावाकड्या होतात, नक्की कोण कुठे जाणार तेच कळत नाही. थर्ड डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), घड्याळ पळतंय, समोर सगळं गिचमिड, आणि तुम्ही आपले अंदाजपंचे बॉल फेकताय. अनुभवी माणसाला हा त्रास कमी. अनुभवाचा फायदा एका कोरड्या आकड्यात न दाखवता थेट आपल्याच डोळ्यांना त्रास देऊन दाखवलाय, ही आयडिया मला जाम आवडली. त्यामुळे माझा हिशोब असा झाला की सोप्या मॅचला पोरगा, चार मॅचच्या आत, म्हणजे रेडशर्टही शाबूत, आणि बाहेरच्या मोठ्या मॅचला सिनियर.

खऱ्या कॉलेज फुटबॉलमध्ये ही भांडणं किती रंगतात ते बघायचं असेल तर ८ जानेवारी २०१८ ची फायनल शोधा, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. अलाबामाचा जेलन हर्ट्स दोन सिझन स्टार्टर, तोवर हरलेल्या मॅच दोनच. हाफटाइमला ०-१३ मागे, आणि कोच निक सेबनने त्याला बसवून पहिल्या वर्षाचा टुआ टागोवायलोआ उतरवला. मॅच ओव्हरटाइमला गेली. तिथे टुआने १६ यार्ड मागे पळत जाऊन सॅक खाल्ला (बॉल फेकायच्या आतच पाडला गेला), अगदी नवखेपणाची चूक, जुना माणूस असता तर बॉल बाहेर फेकून मोकळा झाला असता. आणि पुढच्याच प्लेला त्याच पठ्ठ्याने ४१ यार्डांचा टचडाउन थ्रो मारून २६-२३ ने कप आणला. पकडणारा डेव्हॉन्टा स्मिथ, तोही पहिल्याच वर्षाचा. लगेच टॅलेंट जिंकलं म्हणून नाचू नका, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॉन्फरन्स (कॉलेजांची लीग) फायनलला, समोर पुन्हा जॉर्जियाच, टुआ दुखापतीने बाहेर गेला आणि बेंचवरून आलेल्या हर्ट्सने मागे पडलेली मॅच ३५-२८ ने काढून दिली.

आणि जॉर्जियाचं काय, तर त्यांच्याकडे २०२१ ला जेटी डॅनियल्स होता, शाळेत असताना फाइव्ह स्टार, म्हणजे सगळ्यात वरच्या रेटिंगचा. त्याला दुखापत झाली आणि स्टेट्सन बेनेट खेळायला लागला, जो मुळात स्कॉलरशिपशिवाय आलेला, मधे एक वर्ष ज्युनियर कॉलेजात काढून परत आलेला. डॅनियल्स फिट झाला तरी कोचने बेनेटलाच ठेवलं. पब्लिक बोंबलत होतं. लागोपाठ दोन वर्षं चॅम्पियन, दुसऱ्या फायनलला टीसीयू कॉलेजला ६५-७ धुतलं, तेव्हा बेनेट पंचवीस वर्षांचा होता.

माझं मत विचाराल तर टॅलेंट की अनुभव हा प्रश्नच अर्धवट आहे, कोणत्या पोझिशनला ते आधी सांगा. रिसीव्हरला नवीन पोरगा बिनधास्त खेळवा. त्याचं काम पळायचं, उडी मारायची, बॉल धरायचा, चुकला तर एक प्ले वाया जाईल, बाकी टीमचं काही बिघडत नाही. पुढचा भाग, कॉलेज फुटबॉल २६, त्याच्या कव्हरवर कोण आहेत बघा, ओहायो स्टेटचा जेरेमाया स्मिथ आणि अलाबामाचा रायन विल्यम्स, दोघंही २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी गाजलेले आणि दोघंही रिसीव्हर. पहिल्या वर्षाचा सेंटर (लाइनच्या मधला) कव्हरवर दिसणार नाही कधी. कारण क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनवर पाच जणांनी एकसारखं हलायचं असतं, समोरचा कुठून येतोय ते ओळखून एकमेकांना ओरडून सांगायचं असतं, वर अंगात तीन-चार वर्षं जिममध्ये कमावलेली ताकद लागते. तिथे एक कच्चा घातला की त्याची शिक्षा क्वार्टरबॅकच्या बरगड्यांना. मी एकदा फोर स्टार पोरगा लाइनच्या डाव्या टोकाला, लेफ्ट टॅकलला, उभा केला, अख्खा सिझन माझा क्वार्टरबॅक पाठीवर पडूनच आकाश बघत होता. ओहायो स्टेट जानेवारी २०२५ ला चॅम्पियन झाली, नोत्र दामला ३४-२३ हरवून, तेव्हा शेवटी शेवटी थर्ड अँड ११ ला (तिसरा प्रयत्न, ११ यार्ड हवेत) ५६ यार्डांचा थ्रो पकडणारा स्मिथ पहिल्या वर्षाचा होता, पण टाकणारा विल हॉवर्ड मात्र चार वर्षं कॅन्सस स्टेटला काढून आलेला.

इथे आमच्या ग्रुपमधला एक जण हमखास सचिन काढतो, सोळाव्या वर्षी खेळवलाच ना. खेळवला, पण कराचीला सहा नंबरवर, ओपनिंगला नाही पाठवलं, आणि पहिल्या इनिंगला १५ च झाले. टॅलेंटला जागा बघूनच आत घेतलं की.

अजून एक गोष्ट जी गेममध्ये भारी जमलीये, बेंचवर बसवलेला पोरगा गप्प बसत नाही. प्रत्येक खेळाडूचा एक डीलब्रेकर असतो, म्हणजे ज्या गोष्टीवर तो तडजोड करणार नाही, कुणाला घराजवळ राहायचंय, कुणाला खेळायला मिळायलाच हवं. खेळायला पाहिजेवाला पोरगा बसवून ठेवला की सिझन संपल्यावर ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलणाऱ्यांची यादी), बाय बाय. खऱ्या कॉलेजातही आता हेच चालतं, २०२१ पासून पहिल्यांदा कॉलेज बदललं म्हणून एक वर्ष बसायची अट गेली. त्यामुळे सिनियरवर निष्ठा दाखवणं हा आता महागडा शौक झालाय, तुम्ही आज एक मॅच जिंकता आणि पुढची तीन वर्षं दुसऱ्या कॉलेजला देऊन टाकता. वर रिक्रूटिंगमध्ये (शाळेतली पोरं टीममध्ये आणताना) कोण जेम (हिरा) निघेल आणि कोण बस्ट (फुसका) ते स्काउटिंगवर खर्च केल्याशिवाय कळत नाही, आणि पोरगा किती वेगाने सुधारेल त्याचे नॉर्मल, इम्पॅक्ट, स्टार, एलिट असे चार प्रकार. एलिट निघाला तर ७० चा पोरगा पण धरून ठेवा, हात जोडून सांगतो.

खटकणाऱ्या गोष्टी: पीसीवर नाहीच. २५ मध्ये खरे कोच नाहीत, सेबनसारखी नावं शोधू नका, खरे कोच ३०० हून जास्त आले ते २६ मध्ये. आणि हा खेळ अजिबातच माहीत नसेल तर पहिले काही दिवस डाउन म्हणजे काय, फ्लॅग का पडला ह्यातच जातील, यूट्यूबवर नियम बघून मगच बसा. घरातल्या बाकीच्यांना काहीही कळणार नाही, आमची आई अजून विचारते हे सगळे आडवे का पडतात.

घ्यायचा कुणी? ज्याला नुसतं हाणामारी खेळायचंय त्याने नको, पैसे वाया. पण टीम निवडायला, माणसं घडवायला ज्याला आवडतं त्याने नक्की. अमेरिकेत नवीन असताना ७० डॉलरला होता, कोणी नातेवाईक येत असेल तर त्याला सेकंडहँड २५ आणायला सांगा, पीएस५ ची डिस्क तिकडची असली तरी इकडे चालते. पीएस४ वाल्यांनी मात्र मागवू नका, त्याच्यावर हा गेम आलेलाच नाही.