पाथर्डी फाट्याजवळच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अनुभव, ५ स्टार

आमचं जी प्लस टू चं घर, खाली सगळं पार्किंग. ड्रॉइंग यांच्याकडून घेतलं आणि खरं सांगतो पैसे वसूल. नाशिक आयएस १८९३ : २०१६ (भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे भूकंपाच्या झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात येतं हे मला माहितीच नव्हतं, सरांनी आधी तेच सांगितलं, मग म्हणाले खाली भिंती नाहीत म्हणजे हादरा बसला की सगळा आडवा जोर पार्किंगच्या कॉलमवर येणार, म्हणून तिथले कॉलम मोठे केले आणि दोन ठिकाणी आरसीसीची भिंत दिली.

कॉलम भरायच्या आदल्या दिवशी स्वतः साइटवर आले, मिस्त्रीने रिंगचे (कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून बांधणाऱ्या आडव्या सळीचे) हूक ९० डिग्रीत वाकवले होते, सरांनी एक रिंग हातात घेऊन दाखवलं की वरचं काँक्रीट सुटलं की असा हूक उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात, १३५ डिग्रीत आत वळवला तर धरून ठेवतो. सगळ्या रिंगा बदलून घेतल्या, बीमपाशी कमी कमी अंतरावर बांधायला लावल्या. मिस्त्री वैतागला पण दादा घर आपलं आहे ना! फी थोडी जास्त वाटेल, फोन संध्याकाळीच उचलतात. घर बांधताय तर डोळे झाकून जा.