स्टेपनीत हवा आहे का ते आधी बघा: छोटी सीएनजी गाडी, १४ महिने, २१,००० किमी

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याकडे हीच आहे त्यांना चार ओळींत कळेल. दुसरी कुठलीही कंपनी-फिटेड सीएनजी असेल, तर वाचायच्या आधी खाली जाऊन एकदा डिकी उघडा. आमच्या गाडीत सिलिंडर आणि स्टेपनी शेजारीशेजारी, एकाच लोखंडी फ्रेमवर आवळलेले आहेत. स्टेपनीचा व्हॉल्व्ह सिलिंडरकडे तोंड करून बसलाय. मधे तीन बोटं जातील एवढी फट. त्या फटीतून हवेच्या नळीचं टोक जात नाही. मी पट्टी घेऊन मोजलंय.

२०२३ च्या दसऱ्याला गाडी घेतली. धायरी ते हिंजवडी, जाऊन-येऊन रोजचे पन्नासेक किलोमीटर, पेट्रोल शंभरच्या वर, तेव्हा सीएनजी घेण्यात काही शौर्य नव्हतं. शहरात किलोला २६ ते २७ किमी पडतात, नवले पुलाचा ट्रॅफिक धरून. पंपावर रांग असते, सगळ्यांना खाली उतरावं लागतं, उन्हाळ्यात टाकी तापली की २०० बारचा काटा लवकर लागतो आणि गॅस कमी बसतो. हे सगळं सीएनजीवाल्यांना पाठ आहे, त्यावर वेळ घालवत नाही. एसी बरा. मागची सीट तिघांना पुरते, तिसरा माणूस बारका असेल तर.

घाटाबद्दल माझं मत मधे एकदा बदललं, ते सांगतो. सुरुवातीला मी ही गाडी घेऊन पस्तावलो होतो. डिसेंबरात पाच जण बसून पसरणी घाट चढलो, वाईहून पाचगणीला. दुसऱ्या गिअरमध्येही गाडी कण्हत होती, मागे एसटी हॉर्न देत होती आणि अण्णा शांतपणे म्हणाले, "आपली जुनी एट हंड्रेड बरी होती रे." फार लागलं ते. घरी येऊन मी ‘घाटासाठी घेऊ नका’ असं चार जणांना सांगूनही टाकलं.

ते मागे घेतो. चूक माझी होती. गॅस आत जाताना हवेची जागा खातो, त्यामुळे ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमी पडते, आणि मी काटकसरीपायी अख्खा घाट गॅसवर चढत होतो. पेट्रोलचं बटण हाताशी असताना. आता घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल, एसी बंद, माथ्यावर पुन्हा गॅस. एका घाटाला फार तर लिटरभर पेट्रोल जातं. तेवढं देवाला नारळ फोडला असं समजायचं. उतरताना मात्र गॅस चालतो, कारण उतरायचं गिअरवरच असतं. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यातच उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.

मे महिन्यात खरी परीक्षा झाली. ७ मेला मतदान केलं, १४ ला पहाटे निघालो गुहागरला, व्याडेश्वराला. दरवर्षीचं आहे. मी, बायको, अण्णा, आई आणि लेक. जाताना महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. काही त्रास नाही. प्रतापगडाचा फाटा गेल्यावर लेकीला उलटी झाली, त्याला गाडी काय करणार.

येताना चिपळूणहून कुंभार्ली धरला. कोकणातून परतणाऱ्या गाडीत काय असतं हे मी सांगायला नको. आंब्याची एक पेटी, अकरा नारळ, दोन बाटल्या आगळ, आमसुलं, सांडगी मिरची, आणि ‘घ्या हो, तुमच्याकडे कुठे मिळतो’ म्हणून मावशीने गळ्यात मारलेला आठ किलोचा कापा फणस. सिलिंडरने डिकी निम्मी खाल्लेली असते, उरलेल्यात हे सगळं कोंबलेलं. वर कपड्यांच्या बॅगा.

घाट अर्धा चढलो आणि मागचं डावं चाक एका खड्ड्याच्या धारेवर आपटलं. टायर ट्यूबलेस आहे, पण भिंतच चिरली तर ट्यूबलेसचं काय चाटायचं? गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावले. मग डिकीतला संसार एकेक करून रस्त्याकडेला मांडला. आई कठड्यावर फणस मांडीवर घेऊन बसली. एक टेम्पोवाला थांबून विचारता झाला, "काकू, कसा दिला?"

फ्रेमची पट्टी सोडली, स्टेपनी ओढून काढली, जॅकवर गाडी चढवली, चाक बसवलं, जॅक उतरवला. आणि नवं कोरं चाक रिमपर्यंत बसलं. दारावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलंय. नंतर एमएच-५० वाल्या कऱ्हाडच्या एका भल्या माणसाने आपला छोटा कॉम्प्रेसर लावला तेव्हा काटा दाखवत होता ९.

त्या माणसाने दहा मिनिटं उन्हात उभं राहून हवा भरून दिली, पैसे घेतले नाहीत. जबरदस्तीने सहा आंबे दिले. (पेटीतले वरचे नाही, खालचे. वरचे जरा डागी होते.)

आता खरी गोष्ट. ट्रिपच्या आधी, एप्रिलमध्ये, मी दहा हजार किमीची सर्व्हिस करून घेतली होती. घरी आल्यावर फाइल काढली. चेकलिस्टमध्ये ‘स्पेअर व्हील प्रेशर’ पुढे बरोबरची खूण. ते बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो.

"सर, स्टेपनी काढायला फ्रेमची पट्टी सोडावी लागते. त्याला लेबर वेगळं पडतं."

"म्हणजे तुम्ही सोडली नाही."

"नाही सर, तशी कम्प्लेंट नव्हती ना तुमची."

"मग ही खूण कोणी केली?"

त्याने बिल उलटंसुलटं करून पाहिलं. "ही सिस्टिममधून येते, सर."

मी आवाज चढवला नाही, पण बाजूच्या सोफ्यावरचे तीन गिऱ्हाईक आपापली बिलं काढून बघायला लागले हे खरं. शेवटी मॅनेजर आले, चहा आला, आणि एक वॉशिंग फुकट देतो म्हणाले. तत्त्वाने नाकारायला हवं होतं. पण कोकणची लाल माती चाकांच्या कमानींत अजून तशीच होती, आणि बाहेर चारशे रुपये घेतात. घेतलं.

तर मायलेज उत्तम, घाट पेट्रोलवर ठीक, मागची सीट चालेल, स्टेपनीची जागा ठरवणाऱ्याने आयुष्यात कधी सासरहून परत येताना पंक्चर काढलेलं नाही. टायर नवीन घ्यावा लागला तो वेगळाच. मी आता सिगारेट-लायटरच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप घेतलाय, १,८०० रुपये, आणि व्हॉल्व्हला लावायची वाकडी लवचीक नळी, १२० रुपये. नळीचं दुसरं टोक डिकीच्या कडेला दोरीने बांधून ठेवलंय, म्हणजे पट्टी न सोडता हवा मोजता येते. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी ते बघून आपल्याही गाडीला करून मागितलं. त्यांच्या स्टेपनीत ११ निघाली.

नोव्हेंबरात वीस हजारची सर्व्हिस झाली. या वेळी जॉबकार्डवर माझ्याच हाताने लिहिलं: ‘स्टेपनीची हवा तपासणे.’ बिलावर खूण आली. घरी आणून नळीला काटा लावला.

२४.