नौपाड्यातील एक मेडिकल : चिठ्ठी वाचून पंपाकडेही पाहणारे

ठाण्यात घंटाळी मंदिराजवळच्या गल्लीतील या लहानशा मेडिकलमधून आम्ही बरीच वर्षे औषधे घेत आहोत, पण त्याविषयी लिहावेसे वाटले ते गेल्या महिन्यातील एका प्रसंगामुळे. माझ्या वडिलांना जुना दमा आहे आणि धाप लागली की ते साल्ब्युटामॉलचा पंप घेतात. हल्ली त्यांचे हात थरथरत, चहाचा कप बशीवर वाजत असे, म्हणून नव्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी थरथर कमी करणारी प्रोप्रानोलॉल ही गोळी लिहून दिली; दम्याचे सांगायचे आमच्याकडूनच राहिले होते.

फार्मासिस्ट ताईंनी चिठ्ठी वाचली, वडिलांच्या खिशातला निळा पंप पाहिला आणि काढलेली पट्टी पुन्हा खणात ठेवली. "काका, पंप दिवसातून किती वेळा घेता?" पाच-सहा वेळा, हे उत्तर आम्हीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

मग त्यांनी शांतपणे समजावले. श्वासनलिकांच्या स्नायूंवर बीटा-२ रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटून काम करते अशा जागा, असतात. साल्ब्युटामॉल त्यांना चेतवते, स्नायू सैल पडतात आणि हवेची वाट मोकळी होते. प्रोप्रानोलॉल मात्र हृदयावरील बीटा-१ बरोबर हे बीटा-२ सुद्धा अडवून धरते, त्यामुळे दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकतात आणि ऐन वेळी पंपाचाही पुरेसा उपयोग होत नाही. हातांच्या स्नायूंवरही बीटा-२ असतात, तेव्हा ही थरथर पंपाच्या अतिवापराचीच असू शकेल, असे त्या म्हणाल्या. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी रिसेप्टरांची अल्फा आणि बीटा ही विभागणी १९४८ मध्ये मांडली. तिचा अर्थ मला त्या काउंटरवर उमगला.

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी गोळी रद्द करून छातीच्या तज्ज्ञांकडे जाण्यास सांगितले. त्यानंतर ताईंनी वडिलांना पंप घेऊन दाखवायला लावला, तेव्हा श्वास ओढण्याआधीच कळ दाबल्याने १०० मायक्रोग्रॅमच्या त्या फवाऱ्यातला बराचसा भाग पांढऱ्या धुरासारखा ओठांबाहेर आला. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, कसा लावायचा आणि कसा धुवायचा, हे त्यांनी दोनदा करून दाखवले.

दुकान अरुंद आहे, ज्येष्ठांना बसायला साधे स्टूलही नाही, आणि सवलत ऑनलाइनपेक्षा कमी मिळते. स्टूल तरी ठेवावेच. संध्याकाळी सातनंतर गर्दीत एवढा वेळ मिळणे कठीण, त्यामुळे दुपारी जावे आणि घरातली सगळी चालू औषधे पिशवीत घालून न्यावीत, ताई ती एकेक करून पाहतात.